सकाळी नवा टाइम, संध्याकाळी जुना

मला थक्क व्हायची सवय आहे. आमच्या सौभाग्यवती नर्मदाबाई मात्र या सवयीला सवय म्हणत नाहीत, खोड म्हणतात. सेलूच्या स्टेशनात इंजिन पाणी घ्यायला लागलं की मी तोंड उघडं टाकून बघत उभा राहतो आणि तेवढ्यात माझ्या पिशवीतली वांगी स्टेशनातली बकरी खाऊन जाते. तरी मी म्हणतो, जो माणूस इंजिन बघून थक्क होत नाही त्यानं वांगी खाऊन तरी काय करायचं?

पण इंजिनापेक्षाही जास्त थक्क मला दोघांनी केलं. एक आमचे मॅनेजर आबासाहेब. दुसरा येडबा. येडबाची ओळख पुढं होईलच. त्याला तेव्हा अजून दात आले नव्हते.

आबासाहेब कापसाच्या एका जिनिंगचे मॅनेजर होते. कोणत्या जिनिंगचे ते विचारू नका, मला अजून याच गावात राहायचं आहे. मालक हैदराबादेत. वर्षातून एकदा यायचे, रुईच्या गाठींवर हात फिरवायचे आणि बिर्याणी खाऊन परत जायचे. त्यामुळे फाटकाच्या आत आबासाहेब म्हणतील ती पूर्व. मी तिथं टाइमकीपर होतो. हा हुद्दा ऐकूनच माझ्या सासऱ्यांनी मुलगी दिली, काम विचारलं नाही हे माझं नशीब.

काम असं होतं. ऑफिसच्या ओट्यावर घड्याळाखाली एक स्टूल, त्यावर बसायचं. वेळ झाली की पांढरा रुमाल वर धरून हलवायचा. अंगणापलीकडं बॉयलरपाशी सटवाजी उभा असायचा. तो रुमाल बघून साखळी ओढायचा आणि भोंगा व्हायचा. सकाळी कामाला लावायचा, दुपारी भाकरीचा, संध्याकाळी सुटीचा. मधल्या वेळात काय करायचं? बसायचं. वाचायचं नाही, डुलकी घ्यायची नाही, ओट्याखाली उतरायचं नाही. सरकारी शाळेत उर्दूतून मिडल पास झालेला, गणितात पहिला आलेला माणूस मी, आणि नोकरी कसली तर रुमाल हलवायची. काम केल्यानं माणूस दमतो असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दुपार त्या स्टुलावर काढून बघावी.

एक मात्र होतं. सेलूत तेव्हा घड्याळं थोडी आणि भोंगा सगळ्यांचा. मास्तर त्यावर शाळा सोडायचे, गुरव त्यावर आरतीची तयारी करायचा, सासवा त्यावर सुनांना चुलीकडं पिटाळायच्या. एवढा गाव माझ्या रुमालावर चालतो हे आठवलं की स्टुलावर माझी पाठ आपोआप ताठ व्हायची.

मग लढाई आली. तिकडं जर्मन आणि जपानी कुणाकुणाशी लढत होते ते असो, पण इकडं सरकारनं घड्याळं एक तास पुढं करायचा हुकूम काढला. आगगाडी नव्या टाइमानं धावू लागली. गाव बिचकलं. 'नवा टाइम' आणि 'जुना टाइम' असे दोन टाइम झाले. कुणी 'सहाला येतो' म्हणाला की समोरचा विचारायचा, 'कुठल्या सहाला?'

आबासाहेब बिचकले नाहीत. त्यांनी बाजारातून दुसरं घड्याळ आणलं आणि पहिल्याच्या शेजारी टांगलं. एक नव्या टाइमाचं, एक जुन्या. मला बोलावून म्हणाले, "दिनकरराव, सकाळचा भोंगा नव्या टाइमानं द्यायचा. सरकारचा हुकूम हाय."

"जी."

"अन् संध्याकाळचा जुन्या टाइमानं. एकदम सगळं बदललं की लोकांला तरास व्हतो."

मी हिशेब केला. सकाळी एक तास लवकर चालू आणि संध्याकाळी सुटी होती तिथंच. मधला एक तास आबासाहेबांच्या पदरात, मजुरी तेवढीच, आणि खोटं कुठंच नाही! दोन्ही घड्याळं बरोबर चालत होती. मी त्या दोन लंबकांकडं बघत राहिलो. गणितात पहिला येऊनही मला हे सुचलं नसतं. खरंच सांगतो, त्या दिवशी मला आबासाहेबांचा राग आला नाही. मी नुसता थक्क झालो.

राग बायांना आला. रेच्यांवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या यंत्रांवर, सगळ्या बाया बसायच्या. एकेका रेच्याला एकेक बाई, ओंजळीनं कापूस भरवायची. अंगभर कापसाचा भुरा, नाकाला पदर. त्यांच्यात एक बानूबाई होती. वालूरच्या वाटेवरच्या धनगराच्या वस्तीतली. नवरा मेंढरं घेऊन पूर्णेच्या काठाकाठानं लांब गेलेला, घरी सासू आणि अंगावर पिणारं लेकरू. हाच तो येडबा. एका संध्याकाळी भोंगा झाल्यावर ती सरळ ओट्यापाशी आली.

"भाऊ, तुमी रुमाल उशिरा काहून हलवायलाव?"

"मी कुठं? जुन्या टाइमाला बरोबर सहा वाजले."

"सकाळी तर नव्यानं बोलवलंव."

"तो सरकारचा हुकूम हाय बाई."

तिनं दोन्ही घड्याळांकडं नीट बघितलं. मग माझ्याकडं. "आता सकाळी तासभर आधीच पाजून निघावं लागतंय, अन् माझं लेकरू दिवस मावळायच्या आत दूध मागतंय. मी जाऊस्तोवर रडून रडून गळून जातंय. सासूनं शेळीचं पाजलं तर उलटून टाकलं. वाळायलंय लेकरू. त्येला कोणता टाइम सांगू, नवा का जुना?"

त्या रात्री मी घरी सांगितलं तर नर्मदाबाई म्हणाल्या, "रुमाल कुणाच्या हातात हाय?"

"माझ्या."

"मग तुमचं काम हाय ते. दोनाचा एक टाइम करा म्हणावं. त्यात काय मोठं?"

इथून माझी मोहीम सुरू झाली. दोनाचा एक टाइम करायचा, एवढंच. काम इतकं लहान होतं की शेजारच्या दत्तरावांना सांगायलाही लाज वाटली. दत्तराव कचेरीतून निवृत्त झालेले मुहर्रिर, म्हणजे कारकून. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्ज्या लिहिल्यामुळे, जगात अर्जीनं होत नाही असं काही नाही यावर त्यांची श्रद्धा होती. "आधी तोंडी अर्ज," ते म्हणाले, "मग लेखी. सगळं बाकायदा, रीतसर झालं पाहिजे, दिनकरराव."

तोंडी अर्ज आबासाहेबांनी सुपारी कातरत ऐकला. "तुमी मिडल पास ना?"

"जी."

"मग सांगा, यातलं कोणतं घड्याळ खोटं हाय?"

"दोन्ही खरी हाईत साहेब, पण..."

"मग पण कशाचा? खऱ्याला खोटं म्हणायला मी काय वकील हाव?"

मी 'जी' म्हणून परत स्टुलावर येऊन बसलो. बसल्यावर पुष्कळ चांगली उत्तरं सुचली. मला ती नेहमी स्टुलावर सुचतात.

मग दत्तरावांनी तहसील कचेरीतल्या साहेबांच्या नावे लेखी अर्ज लिहिला. सुरुवातीलाच साहेबांना इतक्या पदव्या दिल्या की मूळ तक्रारीला कागदावर जागा उरली नाही, ती मागच्या बाजूला गेली. मी सुटी काढून कचेरीत पोचलो तर कारकून कुलूप लावत होता. कचेरी नव्या टाइमानं बंद होते आणि मी जुन्या टाइमानं आलो होतो. दुसऱ्या वेळी नव्या टाइमानं गेलो, तर ज्याच्याकडं काम होतं तो जुन्या टाइमानं जेवायला गेला होता. शेवटी एकानं अर्ज उलटा धरून वाचला आणि सांगितलं, टाइम हा काही शेतसाऱ्याचा विषय नाही, रेल्वेकडं जा. स्टेशनमास्तर भले माणूस. त्यांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, "टाइम आमच्याकडं हाय, पण गाडी त्यानं येत न्हाई. तुमाला कसा देऊ?" तेवढ्यात इंजिन पाणी घ्यायला आलं. पुढचं तुम्हाला माहीत आहेच. या वेळी मेथी होती.

एव्हाना मोहीम गावभर झाली होती. मास्तर म्हणाले सावलीनं मोजा, हॉटेलवाला म्हणाला नाणेफेक करा. सटवाजी म्हणाला, "मालक, तुमी रुमाल हलवा की एक दिस लवकर. मी वढतो साखळी. फार तर काय, दोघंबी घरी जाऊ." मला घरी बायको होती. सटवाजीचं धैर्य बघून थक्क झालो आणि विषय बदलला.

अडचण अशी होती की दोन्ही घड्याळं आबासाहेबांची. ती नर्मदाबाईंनी सोडवली. पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "लग्नात शास्त्रीबुवा पाण्यात वाटी सोडतेत. ती काय आबासाहेबाच्या बापाची हाय?"

मी जेवत्या ताटावरून उठलो.

ज्यांनी ती वाटी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घटिकापात्र म्हणतात तिला. तांब्याची पातळ वाटी, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. घंगाळातल्या पाण्यावर सोडली की भोकातून पाणी आत येत राहतं आणि घटका, म्हणजे चोवीस मिनिटं, भरली की वाटी डुबकन बुडते. राजाची असो वा रंकाची, वाटी सारखीच बुडते. भुजंगशास्त्री आमच्या भागातले मोठे जोशी, त्यांची वाटी पणज्यापासूनची. मी जाऊन हात जोडले. शास्त्रीबुवा आनंदले. जिनिंगसारख्या म्लेंच्छ यंत्रावर शास्त्राचा अंमल बसणार म्हणून नव्हे, तर लग्नसराई संपली होती आणि वाटी नुसतीच पडून होती म्हणून. पण अटी घातल्या. वाटीला सोवळ्यातल्या माणसानंच हात लावायचा. आणि एकदा पाण्यावर सोडलेली वाटी आपोआप बुडेपर्यंत कुणी हलवायची नाही. तरंगती वाटी हलवली की काळ मोडतो.

आता आबासाहेब हो म्हणतात का? मी विचारलं. आबासाहेबांनी सुपारी बाजूला ठेवली आणि हसले. "करा की. सूर्य उगवला की वाटी सोडा. शास्त्रीबुवा सांगतील तितक्या घटका भरल्या की भोंगा. माझा शब्द. त्या दिवशी दोन्ही घड्याळं बंद ठिवतो, मग तर झालं?" ते इतक्या सहज कबूल झाले तिथंच मला संशय यायला हवा होता. पण मला संशयाच्या आधी थक्क व्हायला होतं.

वाटीचा दिवस उजाडला. निंबाच्या झाडाखाली घंगाळ ठेवलं. शास्त्रीबुवांनी मंत्र म्हणून वाटी सोडली आणि पहिल्या दोन घटका स्वतः बघून ते स्नानसंध्येला गेले. पुढचा दिवस माझा. म्हणजे मी, टाइमकीपर दिनकरराव, सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून, उघड्या अंगानं, थंडीत कुडकुडत, जिनिंगच्या अंगणात घंगाळापाशी पाटावर बसलो. कामावर आलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले. हसू लपवायला की भुरा टाळायला, ते मी विचारलं नाही.

सकाळ बरी गेली. एकदा दत्तरावांची बकरी येऊन घंगाळातलं पाणी प्यायली आणि एक घटका तिच्या पोटात गेली. एकदा वाऱ्यानं वाटी कडेला लागली. ती हलवायची की नाही यावर बघ्यांच्यात दोन तट पडले. दत्तराव म्हणाले याला मिसाल काय, आधी असा मुकदमा झालाय का? दुपारपर्यंत माझ्याभोवती निम्मं गाव जमलं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नोकरीत रमलो. दर घटकेला वाटी बुडायची, मी ती काढून पुन्हा सोडायचो आणि कोळशानं जमिनीवर रेघ मारायचो. आपण काही करत आहोत, आणि ते मोजता येत आहे! स्टुलावर असं कधी वाटलं नव्हतं.

दुपारच्या भाकरीला बघे पांगले आणि भाकरीनंतर रेचे जोरात सुरू झाले. भुरा उडायला लागला. उघड्या अंगावर, केसांत, भुवयांवर, सगळीकडं बसला. पाणी आणायला आलेली एक बाई म्हणाली, "अगं बया, कारकूनसायबाची गादी भरलीय की!" मी वाटीवरची नजर काढली नाही. वाटी पाण्यावर तरंगत होती. तरंगत राहिली.

घटका काही भरेना. पण मला त्यात वावगं वाटलं नाही, आणि याचं खापर मी नोकरीवरच फोडतो. दुपारची वेळ सरत नाही हा माझा कित्येक वर्षांचा रोजचा अनुभव. भाकरीनंतर सूर्य जागेवर उभा राहतो, हे मला स्टुलानं शिकवलेलं. मी मनात म्हणालो, बघा, शास्त्रसुद्धा हेच सांगतंय! नोकरदाराची दुपार खरोखरच लांब असते, नुसती वाटत नाही. या शोधानं मी इतका भारावलो की सावल्या लांबल्या ते मला दिसलंच नाही.

सूर्य खाली आला तेव्हा शास्त्रीबुवा वामकुक्षी उरकून आले. त्यांनी जमिनीवरच्या रेघा मोजल्या, आभाळाकडं बघितलं, वाटीकडं बघितलं. "चमत्कार आहे," ते हळूच म्हणाले.

"हलवून बघू का?"

"छे! काळ मोडेल."

आम्ही दोघं वाटीकडं बघत बसलो. सूर्य मावळला. वाटी तरंगतच होती. रेचे धडधडत होते. आबासाहेब ओट्यावर माझ्याच स्टुलावर बसून आरामात सुपारी खात होते; शब्दाला पक्का माणूस, वाटी बुडेपर्यंत भोंगा नाही. गावात मास्तरांनी पोरं कोंडून ठेवली होती, गुरव आरतीचं ताट घेऊन उभा होता, आणि भोंग्याच्या भरवशावर निवांत बसलेल्या दोन पाव्हण्यांची परभणीची गाडी निघून गेली होती.

अंधारू लागलं तशी रेच्यांच्या खोलीतून बानूबाई बाहेर आली. अंगावर भुरा, आणि चोळी पुढून भिजलेली. ती माझ्यापाशी आली नाही, सरळ घंगाळापाशी गेली. वाकून बघितलं. मग शास्त्रीबुवा 'अगं अगं' म्हणेपर्यंत तिनं वाटी उचलली, बुडाला नख लावलं आणि भोकात अडकलेला कापसाचा तंतू ओढून काढला. तो मला दाखवला. पुन्हा वाटी पाण्यावर ठेवून बोटानं दाबली. डुबकन आवाज झाला.

"बुडली," ती म्हणाली. "जाऊ का आता घरला?"

शास्त्रीबुवा मटकन खाली बसले. वाटी बाटली, काळ मोडला, पणजोबा गेले. आबासाहेब ओट्यावरून म्हणाले, "अशी बुडवलेली चालत न्हाई बाई. पण जा. मी काय कसाई हाव?" आणि मला म्हणाले, "दिनकरराव, तुमच्यापेक्षा माझी घड्याळं बरी, का न्हाई?"

भोंगा झाला तेव्हा दिवे लागले होते. बाया माझ्यासमोरून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बानूबाई धावत होती. मी मुकट्यात, भुऱ्यानं पांढरा झालेला, गावातून घरी गेलो आणि वाटेत कुणीतरी माझ्या पाया पडलं. बहुतेक कुणी गोसावी समजून. मला फार लाज वाटली. एका लेकराचं दूध मी अंधारापर्यंत अडवून ठेवलं होतं, आणि वर चमत्कार बघत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा स्टुलावर, डोक्यावर दोन घड्याळं. सकाळचा रुमाल हलवला आणि फाटकाकडं बघितलं. बानूबाईच्या कडेवर येडबा होता. डोळे मोठे, मान बारीक, रडून सुजलेलं तोंड. तिच्यामागं तिची सासू भिवराबाई. आणि त्यांच्यामागं बाकीच्या बाया, जिला जिला अंगावरचं लेकरू होतं ती लेकरू घेऊन. निंबाच्या फांद्यांना जुन्या लुगड्यांच्या झोळ्या टांगल्या जाऊ लागल्या.

आबासाहेब धावत आले. "हे जिनिंग हाय का जत्रा?"

बानूबाई म्हणाली, "घरी ठिवून काय करू साहेब? मी कवा यीन ते तुमालाच म्हाईत. हितं असलं तर रडल्यावर पाजता तरी यील. माझी सासू बघती समद्यांला."

फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती. बाया परत पाठवणं परवडणारं नव्हतं. आबासाहेबांनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. तो चेहरा मी ओळखत होतो. घड्याळ आणलं त्या दिवशी असाच झाला होता. ओट्यावर येऊन ते मला हळूच म्हणाले, "झ्याक झालं की! लेकरं हितंच. मग आता घरी जायची घाई कुणाला? आज अजून थोडा उशिरा हलवा रुमाल." पुन्हा मी थक्क झालो. हा माणूस कुठूनही तास काढतो.

दुपारी बायांनी लेकरं पाजली, लेकरं झोळ्यांत झोपली. भिवराबाई एका पायानं एक आणि हातानं दोन अशा झोळ्या हलवत होती. दुपार नेहमीसारखी लांब होती. मग सूर्य कापसाच्या गंजीच्या मागं उतरायला लागला. जुन्या घड्याळाला सहा वाजायला अजून बराच अवकाश होता.

येडबा रडला.

एकटाच, आधी बारीक, मग टिपेला. त्याच्या आवाजानं शेजारची झोळी जागी झाली. मग तिच्यापलीकडची. बघता बघता अख्खं झाड रडायला लागलं. मी भोंग्याजवळ इतकी वर्षं काढलेला माणूस, पण असा आवाज मी ऐकला नव्हता. रेच्यांच्या खोलीत एक बाई उठली, दुसरी उठली, आणि मग सगळ्याच. लेकुरवाळ्याही आणि ज्यांची लेकरं मोठी होऊन गेली त्याही. बाया रांगेनं बाहेर आल्या, निंबाखाली बसल्या, आणि एकेक झोळी गप्प झाली.

"पाजा अन् परत या!" आबासाहेब ओरडले.

बाया हो म्हणाल्या. खरंच हो म्हणाल्या. लेकरं पाजून झोळीत टाकली, आणि लेकरांनी पुन्हा हंबरडा फोडला. पुन्हा उचलली, गप्प. पुन्हा टाकली, बोंब. बानूबाई येडबाला खांद्यावर घेऊन म्हणाली, "साहेब, लेकरं दिवसाची निजली हाईत. आता घरीच निजतील. आमी तरी काय करावं?"

आत रेचे रिकामेच खडखडत होते. बॉयलर लाकूड खात होतं. सटवाजी ओरडला, "साहेब, रेचे मोकळे फिरायलेत! रुळाचं चामडं जळंल!"

आबासाहेबांनी जुन्या घड्याळाकडं बघितलं. मग नव्याकडं. मग, देवाशपथ सांगतो, त्यांनी येडबाकडं बघितलं. घड्याळ मागं करता येतं, पुढं करता येतं, एकाशेजारी दुसरं टांगता येतं. पण पोराच्या पोटाला किल्ली कशी द्यायची? आबासाहेबांना हे सुचत नव्हतं आणि ते सुचत नाही हे मला दिसत होतं. आपल्या हुकमाविना सुटी झाली, हे त्यांना गावाला कळू द्यायचं नव्हतं. ते माझ्याजवळ आले, आवाज खाली आणून म्हणाले, "हलवा रुमाल."

मी उभा राहिलो. इतक्या वर्षांत स्टुलाखाली साठलेलं एक वाक्य या वेळी मात्र वेळेवर सुचलं.

"कोणत्या टाइमानं साहेब?"

मी रुमाल असा हलवला की खांदा दुखला. सटवाजीनं साखळी ओढली ती सोडेचना. भोंग्यानं दचकून सगळी लेकरं पुन्हा एकदम रडली, आणि बाया हसायला लागल्या. भोंगा, लेकरं आणि ते हसणं एकत्र गावावरून गेलं. बानूबाई वालूरच्या वाटेला लागली तेव्हा ऊन होतं. येडबाचं डोकं तिच्या खांद्यावर आणि दोघांची एकच लांब सावली. मी फाटकापाशी उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. मला रडू आलं, आणि ते भुऱ्यानं आलं असं मी कुणालाही सांगितलं नाही.

त्या हंगामात मग तसंच चाललं. घड्याळं भिंतीवर होती, पण संध्याकाळ झाली की आबासाहेब निंबाकडं कान लावून बसायचे. येडबाची मान हळूहळू भरली. दत्तरावांना मात्र चैन पडेना. त्यांनी एकदा बानूबाईला वाटेत गाठून विचारलंच, "बाई, एक नक्की सांगा. हे पोरगं रडतं ते नव्या टाइमानं का जुन्या?"

"भुकंच्या," ती म्हणाली आणि पुढं गेली.

पण त्या पहिल्या दिवसाचं राहिलंच. मी घरी पोचलो तेव्हा नर्मदाबाई दारात सूप घेऊन बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं. आभाळात उजेड होता आणि त्या उजेडात नवरा दारात उभा होता. जिनिंगच्या हंगामात त्यांनी ते कधी बघितलं नव्हतं. त्यांचं तोंड उघडं राहिलं, हात सुपातच थांबला, आणि दत्तरावांची बकरी शांतपणे येऊन सुपातली वांगी खाऊ लागली. मी तिला हाकललं नाही. तरंगती वाटी आणि थक्क झालेलं माणूस, दोन्ही हलवू नयेत.